मांजर निर्दोष आहे, म्हणून काय?

बेटांवर मोकाट सुटून रानटी झालेली मांजरं, कुत्री, डुकरं हटवण्याचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. या जनावरांना तिथे माणसानं नेलं, ती काही पोहत गेली नाहीत. मांजर पक्षी खातं, कारण ते मांजर आहे. मग माणसाच्या करणीची शिक्षा मांजराला का? गोळ्या घालून, विष चारून त्यांना मारणं म्हणजे पहिल्या पापावर दुसरं पाप. त्यापेक्षा हात आवरावा, फार तर नसबंदी करावी, बाकीचं निसर्ग बघून घेईल.

असं म्हणणारी माणसं भाबडी असतील, पण दुष्ट नसतात. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावलेल्या नामदेवांची गोष्ट ऐकत वाढलेल्या कुणालाही हा युक्तिवाद चटकन भिडतो. त्यातल्या दोन गोष्टी तर सोळा आणे खऱ्या आहेत. जनावर माणसानंच नेलं आणि जनावराचा दोष नाही. माझा आक्षेप आहे तो या दोन सत्यांवरून मारलेल्या उडीला. ‘हे आपण केलं’ यावरून ‘म्हणून आता आपण काही करू नये’ हे कसं निघतं? निघालंच तर ‘म्हणून आता आपणच निस्तरलं पाहिजे’ एवढंच निघतं.

मांजरावर खटला भरायची हौस मला नाही. ती हौस दंतकथेनं आधीच भागवली आहे. न्यूझीलंडच्या दोन मोठ्या बेटांमधल्या कुक सामुद्रधुनीत स्टीफन्स नावाचं एक छोटं बेट आहे. 1894 च्या जानेवारीत तिथलं दीपगृह सुरू झालं. दीपगृहावरचे साहाय्यक रक्षक डेव्हिड लायल यांच्यापर्यंत मांजरानं मारलेले पक्षी येऊ लागले आणि त्यातून जगाला कळलं, की या बेटावर उडता न येणारा, उंदरासारखा जमिनीवरून पळणारा एक चिमुकला रेन पक्षी राहतो. नमुने इंग्लंडला पोचले, वॉल्टर रॉथ्सचाइल्ड यांनी त्याच वर्षी त्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि नावाची शाई वाळते न वाळते तोच पक्षी दिसेनासा झाला. पुढे गोष्टीला रंग चढत गेला. टिबल्स नावाच्या एकाच मांजरानं एक अख्खी प्रजाती शोधली आणि एकट्यानंच ती संपवली, असं सगळीकडे सांगितलं जाऊ लागलं.

2004 मध्ये रॉस गॅलब्रेथ आणि डेरेक ब्राउन यांनी जुनी पत्रं आणि नोंदी उकरून ही कथा तपासली. एकट्या टिबल्सची गोष्ट टिकली नाही. बेटावर एक गाभण मांजरी निसटली होती, तिची प्रजा रानात पसरली होती आणि रेनचा फडशा त्या सगळ्यांनी मिळून पाडला होता. मांजरप्रेमी या दुरुस्तीचा दाखला मोठ्या आनंदानं देतात. बघा, म्हणतात, बिचाऱ्या मांजराची किती बदनामी केली होती! केली होती खरी. पण मला दुरुस्त केलेली गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा वाईट वाटते. एखादं विलक्षण खुनशी मांजर असतं, तर ते प्रकरण अपवाद म्हणून सोडून देता आलं असतं. इथे कुणीच विलक्षण नव्हतं. कुठल्याही घरात असतात तशी मांजरं होती. भूक लागली की खात होती, वेळ आली की पिल्लं घालत होती, आणि एवढ्यानंच काम तमाम झालं. बेटावरची मांजरं संपवायला 1925 साल उजाडलं. तोवर वाचवायला रेन उरलेला नव्हता. हा पक्षी एके काळी न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरही होता. पॉलिनेशियन दर्यावर्दींसोबत आलेल्या उंदरांनी तो तिथून आधीच नाहीसा केला होता. म्हणजे हे बेट त्याचा शेवटचा आसरा होता, आणि नेमकं तिथेच आपण मांजर उतरवलं.

हे एका बेटाचं दुर्दैव नाही. 120 बेटांवरच्या नोंदी एकत्र करून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अलीकडच्या शतकांत जगातून नामशेष झालेल्या 238 पक्षी, सस्तन आणि सरपटणाऱ्या प्रजातींपैकी किमान 33 प्रजातींच्या नाशात बेटांवरच्या मोकाट मांजरांचा वाटा आहे.

आता ‘निसर्ग बघून घेईल’ या आशेकडे येऊ. तिच्यामागे एक शाळकरी समजूत आहे. भक्ष्य कमी झालं की शिकारी उपाशी मरतात, शिकारी कमी झाले की भक्ष्य पुन्हा वाढतं, असा पाळणा खालीवर होत राहतो आणि शेवटी समतोल साधतो. बेटावर हा हिशेब बसत नाही, कारण माणूस मांजर एकटं नेत नाही. जहाजातून उंदीर उतरतात, पुढेमागे खाण्यासाठी ससे सोडले जातात, आणि मांजराच्या पोटाची कायमची सोय होते.

टास्मानिया आणि अंटार्क्टिका यांच्या मधोमध असलेल्या मॅक्वारी बेटाचं उदाहरण घ्या. 1810 मध्ये हे बेट सापडलं, सीलची शिकार करणाऱ्यांच्या टोळ्या तिथे उतरल्या आणि 1820 पर्यंत त्यांची मांजरं रानटी झालेली होती. बेटावर जमिनीवर घरटं करणारा एक पोपट होता, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. मांजरं असूनही तो तगून होता. कारण हिवाळ्यात समुद्रपक्षी निघून जात, मांजरांना खायला फारसं उरत नसे आणि त्यांची संख्या आपोआप रोखली जाई. मग 1870 च्या दशकाच्या शेवटी ससे आणले गेले. ससे हिवाळ्यातही बेटावरच असतात. मांजरांना बारमाही रतीब सुरू झाला, त्यांची संख्या फुगली आणि वाढलेल्या मांजरांनी जाता-येता पोपटही टिपले. वेका नावाचा एक आगंतुक पक्षीही सोडलेला होता, त्यानंही हातभार लावला. मांजरांसोबत पोपटानं साठेक वर्षं काढली. ससे आल्यावर तो दहा-पंधरा वर्षांत संपला. आर. एच. टेलर यांनी 1979 मध्ये हा गुंता उलगडून दाखवला. यात समतोल यावा कुठून? पोपट शेवटचा एक उरला तरी मांजर उपाशी मरणार नव्हतं, त्याच्यासाठी ससे होतेच.

दुसरी अडचण पक्ष्यांच्या जगण्याच्या रीतीत आहे. बिळात घरटं करणारे पेट्रेल पक्षी वर्षाला एकच अंडं घालतात, तेही वयाची कित्येक वर्षं उलटल्यावर. भटका अल्बट्रॉस दोन वर्षांतून एकदा. लाखो वर्षं त्यांच्या बेटांवर चार पायांचा शिकारी नव्हता, त्यामुळे अंधारात बिळाच्या तोंडाशी उतरताना कुणी दबा धरून बसलं असेल ही शंकाच त्यांच्या स्वभावात नाही. मांजरी वर्षाला दोन-तीन वेळा विते. या दोघांची बरोबरी होऊन त्यातून समतोल निघेल, असं मानणाऱ्यानं निदान बेरीज-वजाबाकी तरी करून पाहावी.

विरोधकांचा खरा वजनदार मुद्दा याच्या पुढचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, तुम्ही मांजरं काढलीत तिथे काय झालं ते सांगा. सांगतो. न्यूझीलंडच्या हाउतुरू बेटावरून 1980 मध्ये मांजरं संपवली गेली. अपेक्षा होती की तिथल्या कुक्स पेट्रेलची पिल्लं आता जास्त जगतील. झालं उलटं. मांजरांच्या धाकात असलेले उंदीर मोकळे झाले आणि त्यांनी अंडी-पिल्लं फस्त करायचा सपाटा लावला. मॅक्वारीवर 2000 मध्ये शेवटचं मांजर गेलं आणि पुढच्या काही वर्षांत सशांची संख्या लाखाच्या वर पोचली. डोंगरउतार बोडके झाले. 2009 मध्ये डेना बर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी या विध्वंसाचं खापर मांजरं काढण्यावर फोडलं, तेव्हा ‘आम्ही सांगत नव्हतो का’ असं म्हणायची संधी अनेकांनी साधली. जॉन डाउडिंग आणि इतरांनी लगेच उत्तर दिलं: सशांना काबूत ठेवलं होतं ते मुख्यतः 1978 पासून सोडलेल्या मिक्सोमा विषाणूनं, आणि त्याचाच जोर त्या सुमाराला ओसरला होता. वाद अजूनही पूर्ण मिटलेला नाही. बर्गस्ट्रॉम यांचं सगळं म्हणणं मान्य केलं, तरी त्यातून निघतं काय? मांजर ठेवा, हे निघत नाही. मांजर काढून ससे आणि उंदीर ठेवू नका, एवढंच निघतं.

आणि पुढे नेमकं तेच केलं गेलं. हाउतुरूवरचे उंदीर 2004 मध्ये संपवले, आणि कुक्स पेट्रेलची पिल्लं मांजरांच्या काळात जगत होती त्याहूनही जास्त संख्येनं जगू लागली. मॅक्वारीवर हेलिकॉप्टरनं विषारी दाणे टाकले, शेवटचे ससे हुंगून काढायला शिकवलेली कुत्री नेली (घरचं जनावर बेटाच्या कामी आल्याचं हे दुर्मीळ उदाहरण) आणि 2014 च्या एप्रिलमध्ये बेट ससे, उंदीर, घुशी या सगळ्यांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. सुमारे अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च आला. विषानं दोन हजारांहून जास्त स्थानिक पक्षीही मेले, हे लपवायचं कारण नाही. आज तिथे गवत पुन्हा उभं आहे, आणि मांजरांच्या राज्यात विणीला येणं सोडून दिलेले करडे पेट्रेल परत बिळं करू लागले आहेत.

अभ्यासकांचे दाखले सोयीनं कसे वेचले जातात, तेही इथे सांगायला हवं. मांजर काढल्यावर उंदीर वाढून पक्ष्यांचं जास्त नुकसान होऊ शकतं, हे गणितानं दाखवणारा फ्रांक कुरशां आणि सहकाऱ्यांचा 1999 चा निबंध मांजरांचे वकील हमखास पुढे करतात. त्याच अभ्यासकांनी पुढच्याच वर्षी दुसरा निबंध लिहिला. त्यात ससे मांजरांना पोसून पक्ष्यांचा नाश कसा घडवतात याचं गणित मांडलं होतं. त्या दुसऱ्या निबंधाचं नाव या वादात मी फारसं ऐकलेलं नाही.

आता नसबंदी. शहरात तिचा उपयोग आहे, तिला माझा विरोध नाही. पण नसबंदी केलेलं मांजर पेट्रेल खायचं थांबत नाही. ते मरेपर्यंत, म्हणजे आणखी कित्येक वर्षं, रोज रात्री खात राहतं. शिवाय मोठ्या, खडकाळ, निर्जन बेटावर जवळपास प्रत्येक मांजर धरता आलं तरच संख्या घटते. जो माणूस प्रत्येक मांजर धरू शकतो, त्यानं ते पुन्हा त्याच पक्ष्यांत का सोडावं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

धरून दुसरीकडे नेणं हा पर्याय मात्र खरा आहे आणि शक्य असेल तिथे तोच निवडावा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर अमेरिकी नौदलाच्या ताब्यातलं सॅन निकोलस बेट आहे. तिथली साठेक मांजरं प्राणिमित्र संघटनेच्या मदतीनं जिवंत पकडून मुख्य भूमीवरच्या कुंपणबंद निवाऱ्यात नेली गेली आणि 2012 मध्ये बेट मांजरमुक्त जाहीर झालं. शिकारी, शास्त्रज्ञ आणि प्राणिमित्र एका बाजूला असल्याचं हे चित्र मला फार आवडतं. पण तिथे मांजरं साठ होती, बेट किनाऱ्यापासून फार लांब नव्हतं आणि पैसा होता.

आणि जिथे माणसं राहतात अशा बेटांचं काय? असेन्शन बेटावर ब्रिटिश सैन्य 1815 मध्ये उतरलं आणि मांजरंही आली. समुद्रपक्षी मुख्य बेट सोडून शेजारच्या खडकांवर जाऊन राहिले. रानटी मांजरांची मोहीम 2001 मध्ये सुरू झाली, तेव्हा रहिवाशांच्या पाळीव मांजरांना हात लावायचा नाही असं ठरलं. त्यांची नोंदणी आणि नसबंदी झाली. तरी काही घरची मांजरं सापळ्यांत आणि विषात गेली आणि लोक रागावले. तो राग रास्त होता. 2006 मध्ये रानटी मांजरं संपल्याचं जाहीर झालं आणि 2012 मध्ये जगात फक्त तिथेच वीण करणाऱ्या फ्रिगेट पक्ष्यानं मुख्य बेटावर पुन्हा घरटं केलं. घरात मांजर आणि डोंगरावर पक्षी, दोन्ही एका बेटावर राहू शकतात. मात्र घरची मांजरं घरची राहतील हे कुणीतरी बघावं लागतं. एकाकडूनही दुर्लक्ष झालं तर किती महागात पडतं, हे न्यूझीलंडच्या वायतांगी जंगलात 1987 मध्ये दिसलं. तिथे सुटलेल्या एकाच अल्सेशियन कुत्रीनं रेडिओ ट्रान्समीटर लावलेल्या दोन डझन किवींपैकी 13 मारले. जंगलात साधारण 900 किवी होते. त्यावरून अभ्यासक मिखाएल टाबोर्स्की यांनी एकूण बळींचा अंदाज 500 च्या घरात बांधला.

इथे आपल्याकडचा वाचक अस्वस्थ होणार हे मला ठाऊक आहे. हा माणूस उद्या पुण्या-मुंबईच्या गल्लीतली कुत्रीही मारा म्हणेल, असं त्याला वाटेल. मी तसं म्हणत नाही आणि या लेखाचा तसा वापर कुणी करू नये. मुख्य भूमीवर एका वस्तीतली कुत्री हटवली की शेजारच्या वस्तीतून दुसरी येतात, मारून संख्या आटोक्यात राहत नाही. तिथे कचरा, लसीकरण, नसबंदी हे वेगळे प्रश्न आणि वेगळे उपाय आहेत. कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुत्री आणि कोल्हे उकरतात. गावकरी आणि चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था यांनी 2002 पासून तिथे कुणाला मारलं नाही. अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरली, पिल्लं निघाल्यावर समुद्रात सोडली. घरटी मोजकी, माणसं जवळ, रात्री गस्त घालायला गाव तयार, म्हणून ते जमलं. बेटाचा फायदा वेगळा आहे. चारही बाजूंना समुद्र असल्यामुळे तिथे काम एकदाच करावं लागतं, पण ते पूर्ण करावं लागतं.

विरोधकांना मी जे विचारतो ते मेरियन बेटासमोर उभं राहून. केप टाउनपासून सुमारे 2,000 किलोमीटरवर, दक्षिण हिंदी महासागरातल्या या बेटावर दक्षिण आफ्रिकेचं हवामान केंद्र आहे. तिथल्या उंदरांचा त्रास कमी व्हावा म्हणून 1949 मध्ये पाच मांजरं नेली. पाच. ती जहाजात परत घालायला एक दुपार पुरली असती. 1977 पर्यंत त्यांची संख्या सुमारे 3,400 झाली होती. त्याच दशकातला अंदाज असा, की ती मांजरं वर्षाला साडेचार लाख पेट्रेल खात होती. मग मांजरांमध्ये जीवघेणा रोग पसरवणारा विषाणू सोडला गेला. 1982 पर्यंत सहाशेच्या आसपास उरली. पुढे शिकारी रात्री दिवे आणि बंदुका घेऊन फिरले, सापळे लावले, कोंबडीच्या एक दिवसाच्या मेलेल्या पिल्लांत विष भरून ठेवलं. शेवटची मांजरं 1991 मध्ये गेली.

त्या विषाणूनं येणारं मरण भयंकर असतं. त्याला मी दयाळू म्हणणार नाही, आणि कुणी म्हणालं तर त्याचं ऐकणार नाही. पण त्या मरणांचा हिशेब करताना ‘हात आवरा’ म्हणणाऱ्यांनी आपला वाटाही धरावा. पाचाचे 3,400 व्हायला अठ्ठावीस वर्षं लागली आणि ती वर्षं हात आवरण्यातच गेली. आवरलेल्या हातांनी पेट्रेल वाचले नाहीत. मांजरंही वाचली नाहीत, उलट मारावी लागणारी मांजरं पाचावरून हजारांवर गेली. 1950 मध्ये कुणी निष्ठुर अधिकाऱ्यानं त्या पाचांना मारून टाकलं असतं, तर आजचा प्राणिमित्र त्याला शिव्या घालत असता. मला तो अधिकारी त्या बेटाच्या इतिहासातला सगळ्यात दयाळू माणूस वाटला असता.

मेरियनवरही काम अर्धंच झालं, कारण उंदीर राहिले. ते मांजरांच्याही आधीचे, सीलच्या शिकाऱ्यांबरोबर आलेले. हवा उबदार होत गेली तसा त्यांच्या विणीचा हंगाम लांबला, कीटक संपत आले, आणि 2003 पासून ते अल्बट्रॉसची पिल्लं जिवंत कुरतडू लागल्याचं दिसू लागलं. रात्री पाठीवर, मानेवर चढून खातात. अल्बट्रॉसला उठून जाणं सुचत नाही, तो घरट्यावर बसून राहतो. 2023 मध्ये उंदरांनी पूर्ण वाढलेले भटके अल्बट्रॉसही मारल्याचं नोंदलं गेलं. जगातल्या भटक्या अल्बट्रॉसांपैकी साधारण एक चतुर्थांश याच बेटावर वीण करतात.

आता योजना अशी आहे, की हिवाळ्यात हेलिकॉप्टरनं सुमारे 30,000 हेक्टर बेटाच्या इंच न इंच भागावर विषारी दाणे टाकायचे. पैसा गोळा होतो आहे. विषानं काही स्थानिक पक्षी दगावतील हे योजना आखणाऱ्यांनीच मान्य केलं आहे. उंदरांचा दोष नाही, त्यांना माणसानं नेलं, हा युक्तिवाद पुन्हा येईल, आणि पुन्हा खरा असेल. ज्यांना दाणे टाकलेले नको आहेत त्यांनी आपला पर्याय जरूर मांडावा. फक्त मांडताना, तो अमलात यायला किती वर्षं लागतील आणि तोवर घरट्यावर बसलेल्या पिल्लांचं काय करायचं, तेही त्याच कागदावर लिहावं.